घोड्याच्या शुक्राणूंतील प्रथिने आणि पैदाशीच्या घोड्याची प्रजननक्षमता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : आमच्या घोड्याच्या वीर्यतपासणीचा अहवाल उत्तम आहे, तरीही घोड्या पुन्हा पुन्हा उलटतात, म्हणजे गाभण न राहता परत माजावर येतात. याचा प्रथिनांशी संबंध असू शकतो का?

असू शकतो, मात्र त्या निष्कर्षावर येण्यापूर्वी घोडीच्या गर्भाशयाची तपासणी, माजाची नेमकी वेळ आणि घोडा दाखवण्याची पद्धत या तिन्ही बाबी पशुवैद्यकाने पाहिलेल्या असाव्यात, कारण दोष बहुधा तिथेच सापडतो. त्या निर्दोष ठरल्यानंतरही घोड्या गाभण राहात नसतील, तर आधी अहवाल काय सांगतो आणि काय सांगत नाही हे समजून घ्यावे लागते. सदतीस अंशांवर गरम ठेवलेल्या काचपट्टीवरील थेंबात तपासणाराला शुक्राणूंची संख्या, त्यांची पुढे जाणारी हालचाल आणि त्यांचा आकार दिसतो. एका तासाच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांपैकी दुसऱ्यात सुडौल आणि पुढे धावणारे किमान १०० कोटी शुक्राणू असावेत, ही अमेरिकी पशुप्रजननतज्ज्ञांची प्रचलित कसोटीही याच तीन गोष्टींवर उभी आहे.

शुक्राणूचे खरे काम मात्र त्या थेंबात घडतच नाही. गर्भाशयातील पांढऱ्या पेशींच्या हल्ल्यातून वाचणे, अंडनलिकेच्या अस्तराला चिकटून थांबणे, योग्य वेळी तेथून सुटणे, स्त्रीबीजाभोवतीचे कवच ओळखणे, डोक्यावरची ॲक्रोसोम नावाची टोपी फोडणे आणि अखेर बीजाशी एकरूप होऊन त्याला जागे करणे, यांपैकी प्रत्येक टप्प्यावर कोणते ना कोणते प्रथिन काम करीत असते. त्यांतील एखादे कमी पडले किंवा सदोष असले, तरी काचपट्टीवरचा शुक्राणू पूर्वीसारखाच झपाट्याने धावताना दिसतो.

प्रश्न : शुक्राणूंतील प्रथिने आणि वीर्यद्रवातील प्रथिने एकच का?

नाहीत, पण त्यांच्यातील सीमारेषा पुसट आहे. शेपटीची चौकट, शक्तिनिर्मितीची विकरे (एन्झाइम), जनुकद्रव्य गुंडाळून ठेवणारी प्रथिने आणि ॲक्रोसोममधील विकरे हे शुक्राणूचे स्वतःचे धन होय. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ च्या सुमारास वस्तुमान-वर्णपटमापनाने घोड्याच्या शुक्राणूत अशी हजारावर प्रथिने ओळखली. वीर्यद्रवातील प्रथिने मात्र अधिवृषण (वृषणाला लागून असलेली, शुक्राणू परिपक्व होणारी नळी), अँप्युला (शुक्रवाहिनीचा शेवटचा फुगीर भाग), प्रोस्टेट आणि इतर ग्रंथींतून येतात आणि वीर्यपतनाच्या क्षणी शुक्राणूंत मिसळतात. त्यांतील पुष्कळशी प्रथिने शुक्राणूच्या बाह्य आवरणावर घट्ट बसतात, म्हणून धुतलेल्या शुक्राणूतही ती सापडतात. एखाद्या लेखात ‘शुक्राणूंचे प्रथिन’ असा उल्लेख आला, तर तो नमुना धुतलेला होता की नाही हे आधी पाहावे.

प्रश्न : शुक्राणू गरजेप्रमाणे नवी प्रथिने का तयार करीत नाही?

त्याच्याजवळ साधनेच उरलेली नसतात. वृषणात शुक्राणू घडत असताना त्यातील जवळजवळ सर्व पेशीद्रव्य गळून जाते आणि जनुकद्रव्य इतके घट्ट आवळले जाते की त्यावरून नवा संदेश लिहिता येत नाही. त्यापुढे शुक्राणूत जो बदल होतो तो असलेल्या प्रथिनांवर फॉस्फेटसारखे गट चढल्याने, काही प्रथिने कापली गेल्याने किंवा अधिवृषणातून आणि वीर्यद्रवातून बाहेरची प्रथिने येऊन चिकटल्याने होतो. घोड्यात शुक्राणू घडायला सुमारे ५७ दिवस लागतात आणि अधिवृषणातून प्रवास करायला आणखी आठ ते अकरा दिवस. कडक ताप, अंडकोषावरची सूज किंवा चुकीचे औषध यांमुळे झालेली हानी त्यामुळे दोन महिन्यांहून अधिक काळ नमुन्यात दिसत राहते. आजारातून उठलेल्या घोड्याचा नमुना पंधरा दिवसांत तपासून त्याच्याविषयी कायमचे मत बनवणे हा त्या जनावरावर अन्याय आहे.

प्रश्न : संशोधनात प्रजननक्षमता मोजतात तरी कशी?

हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही; पण पुढची सर्व उत्तरे याच्यावर अवलंबून असल्याने तो येथे मुद्दाम घेतला आहे. हंगामाच्या शेवटी किती घोड्या गाभण राहिल्या हा आकडा मालकाला समाधान देतो, परंतु घोड्याचा दोष तो झाकून टाकतो. एका माजात गाभण राहण्याचे प्रमाण ६० टक्के असलेल्या घोड्याच्या तीन माजांनंतर सुमारे ९४ टक्के घोड्या गाभण असतात, तर हेच प्रमाण ३५ टक्के असलेल्या घोड्याच्याही तीन माजांनंतर सुमारे ७३ टक्के घोड्या गाभण दिसतात. दुसरा घोडा पहिल्याच्या जवळपास निम्म्या क्षमतेचा असूनही हंगामाचा आकडा ऐकून कोणाला शंका येणार नाही. म्हणून गंभीर अभ्यासात प्रत्येक माजामागचे किंवा पहिल्याच माजातील गर्भधारणेचे प्रमाण धरतात, आणि त्यासाठी एका घोड्यामागे पुरेशा माद्यांची नोंद असावी लागते. अशी नोंद मिळणारे घोडे थोडे असल्यामुळे या विषयातील अनेक अभ्यास लहान आहेत.

प्रश्न : कोणती प्रथिने चांगल्या प्रजननक्षमतेशी जोडली गेली आहेत?

अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वीर्यद्रवातील प्रथिने जेलच्या पातळ पट्टीवर आधी विद्युतभारानुसार आणि मग आकारानुसार पसरवण्यात आली. रंग दिल्यावर अशा पट्टीवर लहानमोठे निळे ठिपके उमटतात आणि प्रत्येक ठिपका हे एक प्रथिन असते. त्यांतील सुमारे ७२ किलोडाल्टन वजनाचा एक ठिपका अधिक फळणाऱ्या घोड्यांत गडद होता, तर दुसरे तीन ठिपके कमी फळणाऱ्यांत गडद होते. चांगल्या बाजूचे हे प्रथिन ऑस्टिओपॉन्टिनशी साधर्म्य दाखवणारे निघाले आणि त्याआधी १९९० च्या दशकातच होल्स्टीन वळूंतही ऑस्टिओपॉन्टिनचा संबंध उच्च प्रजननक्षमतेशी दिसून आला होता, त्यामुळे या निष्कर्षाला वजन आले. पुढे २०१० मध्ये कॅनडातील संशोधकांना क्रिस्प-३ हे प्रथिन पहिल्या माजातील गर्भधारणेशी अनुकूल, तर कॅलिक्रीन, क्लस्टरिन आणि घोड्याच्या वीर्यद्रवातील सर्वांत विपुल अशा एचएसपी-१ (याविषयी पुढे पाहा) या प्रथिनाचे प्रमाण प्रतिकूल आढळले.

या दोन याद्या शेजारी ठेवल्या की त्या फारशा जुळत नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नमुना कोणत्या ऋतूत घेतला, घोडा किती दिवसांच्या विश्रांतीनंतर चढवला, वीर्यातील जेल गाळून वेगळे केले की नाही, एवढ्यानेही प्रथिनांचे प्रमाण बदलते. ‘एका प्रथिनावरून घोडा ओळखा’ अशी जाहिरात करणाऱ्याकडे, आमच्या मते, संशयाने पाहावे.

प्रश्न : क्रिस्प-३ या प्रथिनाला एवढे महत्त्व का दिले जाते?

कारण या प्रथिनाच्या बाबतीत सहसंबंधापलीकडे जाऊन यंत्रणा दाखवता आली आहे. घोडीच्या गर्भाशयात वीर्य पडताच तेथे दाह सुरू होतो आणि काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने गोळा होतात. ही स्वच्छता आवश्यकच असते, कारण वीर्याबरोबर जंतू आणि मृत शुक्राणूही आत गेलेले असतात. पण न्यूट्रोफिल आपले जनुकद्रव्य बाहेर फेकून त्याचे जाळे विणतात आणि त्या जाळ्यात जिवंत शुक्राणूही अडकतात. परीक्षानळीत हा प्रकार पाहिला तर थोड्याच वेळात शुक्राणूंचे आणि पांढऱ्या पेशींचे गठ्ठे तयार झालेले दिसतात, आणि गठ्ठ्यातील शुक्राणूंच्या शेपट्या वळवळत असल्या तरी ते पुढे सरकत नाहीत. वीर्यद्रव घातला की चित्र पालटते. त्यातील डीएनेज हे विकर जाळे कापते. क्रिस्प-३ जिवंत शुक्राणूंना न्यूट्रोफिलच्या पकडीपासून वाचवते, मृत शुक्राणूंना मात्र ते संरक्षण देत नाही. उलट वीर्यद्रवातीलच लॅक्टोफेरिन हे प्रथिन मृत शुक्राणूंची उचल करायला मदत करते. जिवंत कोण आणि मृत कोण याची निवड वीर्यद्रवच करून देतो, असे म्हणता येईल. अमेरिकेतील केंटकी राज्यात, जिथे घोड्यांची पैदास हाच मोठा व्यवसाय आहे, या विषयावर दीर्घकाळ काम झाले आहे.

प्रत्यक्ष घोड्यांवरील परिणामही ठळक होता. गर्भाशयात मुद्दाम दाह निर्माण केलेल्या घोड्यांत वीर्यद्रवासह रेतन केले तेव्हा सुमारे ७७ टक्के घोड्या गाभण राहिल्या आणि वीर्यद्रवाऐवजी दुधाचे विरलक (वीर्य पातळ करून टिकवण्यासाठी घालतात तो द्रव) वापरले तेव्हा सुमारे ५ टक्केच राहिल्या. एकाच माजात चोवीस तासांच्या आत दुसऱ्यांदा रेतन करणाऱ्यांनी हा प्रयोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण पहिल्या रेतनाने दाह आधीच चेतवलेला असतो. जर्मनीतील हॅनोव्हेरियन घोड्यांत क्रिस्प-३ च्या जनुकातील फरकांचाही प्रजननक्षमतेशी संबंध दाखवला गेला आहे.

प्रश्न : वीर्यद्रव इतका उपयोगी असेल, तर थंड किंवा गोठित वीर्य तयार करताना तो काढून का टाकतात?

कारण गर्भाशयात काही तास उपयोगी पडणारा द्रव बाटलीत दिवसभर सोबत राहिला की शुक्राणूंना घातक ठरतो. पाच अंशांवर साठवलेल्या नमुन्यात वीर्यद्रवाचे प्रमाण जास्त असेल, तर हालचाल लवकर मंदावते. म्हणून नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून द्रवाचा बहुतेक भाग काढतात, साधारण ५ ते २० टक्के शिल्लक ठेवतात आणि वर विरलक घालतात. काही घोड्यांचा वीर्यद्रव अधिक बाधतो, काहींचा कमी, त्यामुळे प्रत्येक घोड्याचा नमुना दोन-तीन प्रकारे करून चोवीस तासांनी पाहणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

प्रश्न : ‘एचएसपी’ म्हणजे उष्णताघात प्रथिने का?

येथे नाही. घोड्यांच्या संदर्भात एचएसपी-१ ते एचएसपी-८ ही नावे घोड्याच्या वीर्यद्रवातील प्रथिनांना, प्रामुख्याने जर्मनीतील संशोधनातून, १९९० च्या दशकात मिळाली. उष्णताघात प्रथिनांचेही संक्षिप्त नाव तेच असल्याने घोटाळा होतो. यांपैकी एचएसपी-१ आणि एचएसपी-२ ही जोडी वीर्यद्रवातील एकूण प्रथिनांचा सुमारे ७० ते ८० टक्के वाटा व्यापते, एचएसपी-३ म्हणजेच वर आलेले क्रिस्प-३, आणि एचएसपी-७ हे बीजकवचाला चिकटू शकणारे स्पर्मअ‍ॅडहेसिन आहे. नावाच्या योगायोगाची गंमत अशी की, हैदराबाद विद्यापीठातील संशोधकांनी एचएसपी-१/२ ही जोडी इतर प्रथिनांना विस्कटण्यापासून वाचवते, म्हणजे उष्णताघात प्रथिनांसारखे सांभाळण्याचे कामही करते, असे दाखवून दिले. हीच जोडी शुक्राणूच्या आवरणातील मेद पदार्थांना चिकटून ते आवरण सैल करते. आम्लता बदलली की यांपैकी एक गुण वाढतो आणि दुसरा घटतो.

प्रश्न : सर्व काही चांगले दिसूनही जवळजवळ न फळणारे थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचे) घोडे असतात, हे खरे का?

खरे आहे, आणि या विषयातील सर्वांत शिकवणारे उदाहरण तेच आहे. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील तज्ज्ञांकडे असे काही थरोब्रेड घोडे आले होते की ज्यांची संख्या, हालचाल, आकार यांत काहीही खोट नव्हती, तरीही एका माजामागे गाभण राहणाऱ्या घोड्यांचे प्रमाण १५ टक्क्यांच्या खाली होते. ए२३१८७ हे कॅल्शियम आत सोडणारे रसायन शुक्राणूंवर घातले असता सामान्य घोड्याच्या बहुसंख्य शुक्राणूंच्या ॲक्रोसोमच्या टोप्या फुटतात. या घोड्यांत बहुतेक तशाच राहिल्या. त्यांच्या शुक्राणूंत फॉस्फोलिपिडच्या तुलनेत कोलेस्टेरॉलचे प्रमाणही जास्त आढळले, म्हणजे आवरण प्रमाणाबाहेर ताठ होते.

पुढे २०१२ मध्ये तेर्ये राउडसेप यांच्या गटाने या दोषाचा संबंध तेराव्या गुणसूत्रावरील एफकेबीपी६ या जनुकाशी जोडला. त्याच्या चौथ्या एक्झॉनमधील (प्रथिनाचा संदेश असलेल्या तुकड्यातील) दोन जागी दोन्ही प्रतींत विशिष्ट अक्षर असलेल्या घोड्यांत हा दोष येण्याची शक्यता वाढते. या जनुकापासून बनणारे प्रथिन वृषणात शुक्राणू घडताना लागते, आणि उंदरांत हे जनुक काढून टाकल्यास नर वंध्य होतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील प्रयोगशाळेत केसांच्या मुळांवरून याची चाचणी होते. चाचणीत हा जनुकप्रकार आढळणे म्हणजे धोका आढळणे होय, वंध्यत्वाचा दाखला नव्हे. तरीही कोट्यवधींचा घोडा पैदाशीसाठी घेणाऱ्याने ती आधीच करून घ्यावी असे आम्हांला वाटते, कारण थरोब्रेडच्या नोंदणीला नैसर्गिक संयोगच लागतो आणि प्रयोगशाळेतील पळवाट तेथे चालत नाही.

प्रश्न : अधिक फळणाऱ्या घोड्याच्या वीर्यात मृत शुक्राणू जास्त असू शकतात का?

ऐकायला विचित्र वाटते, पण न्यूकॅसलच्या गटाने २०१४ मध्ये असेच दाखवले. घोड्याचा शुक्राणू आपली शक्ती मुख्यतः मायटोकॉन्ड्रियात प्राणवायू जाळून मिळवतो. जोमाने काम करणारी भट्टी धूरही जास्त सोडते, तसे येथे क्रियाशील प्राणवायूचे कण तयार होतात. ते आवरणातील मेदांवर घाला घालतात, आणि त्यातून निघालेली ४-हायड्रॉक्सिनोनेनालसारखी द्रव्ये प्रथिनांना कायमची चिकटून त्यांना निकामी करतात. जोमदार शुक्राणू जोमाने जळतात आणि लवकर संपतात. म्हणून जिवंत-मृताचा आकडा एकटा पाहू नये. स्पेनमधील कासेरेस येथील प्रयोगशाळेने पुढे विरलकातील साखरेचे प्रचलित प्रमाणच घोड्याच्या शुक्राणूला बाधक असल्याचे मांडले, तेही याच तर्काच्या वाटेवरचे आहे.

प्रश्न : जनुकद्रव्य गुंडाळणाऱ्या प्रथिनांचा काय संबंध?

इतर पेशींत जनुकद्रव्य गुंडाळणाऱ्या हिस्टोन प्रथिनांची जागा शुक्राणूत प्रोटामिन ही प्रथिने घेतात आणि गंधकाच्या पुलांनी जनुकद्रव्य बांधून टाकतात. घोड्यात पहिल्या प्रकारच्या प्रोटामिनबरोबर दुसऱ्या प्रकाराचीही रूपे आढळतात. हे बांधकाम कच्चे राहिले तर जनुकद्रव्य सहज तुटते. अशा शुक्राणूकडून बीज फळू शकते, पण गर्भ टिकेलच असे नाही.

प्रश्न : परीक्षानळीत घोडीचे बीज फळवणे इतके कठीण का ठरले?

फ्रान्समध्ये १९९० आणि १९९१ साली अशी दोन शिंगरे जन्मली आणि त्यानंतर तीस वर्षे ही पद्धत पुन्हा साधली नाही. म्हणून १९९६ पासून शुक्राणू सुईने थेट बीजात सोडण्याची पद्धत रुजली. अडचण शुक्राणूच्या आवरणावरील प्रथिनांची होती : वीर्यद्रवाचे लेप उतरून आणि आतील प्रथिनांत योग्य ते बदल होऊन शुक्राणू बीजात शिरण्यास सज्ज होणे, हे बाहेर घडवता येत नव्हते. २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील कॅट्रिन हिनरिक्स यांच्या गटाने शुक्राणूंना पेनिसिलामीन, हायपोटॉरिन आणि एपिनेफ्रिन असलेल्या द्रवात तब्बल २२ तास ठेवून हे साधले. इतरांनी सहसा शुक्राणूंना इतका वेळ दिला नव्हता. सुईने सोडलेल्या शुक्राणूलाही एक प्रथिन लागतेच : पीएलसी झीटा बीजात कॅल्शियमच्या लाटा उठवते आणि त्यानेच बीज जागे होते.

प्रश्न : आज आपल्याकडे करता येण्याजोगी एखादी प्रथिनचाचणी आहे का?

आहे, आणि ती स्वस्त आहे. अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर मुख्यतः अधिवृषण आणि वृषणातून येते आणि ते रक्ताच्या नेहमीच्या यंत्रावर मोजता येते. घोडा चढला, शेपटी पंपासारखी हालली, पण नळीत आलेल्या द्रवात एकही शुक्राणू नाही, अशा वेळी प्रश्न पडतो की वीर्यपतन झालेच नाही, की वाट बंद आहे, की वृषणच शुक्राणू बनवीत नाही. विकर लिटरला १००० एककांच्या वर असेल, तर वीर्यपतन झाले आणि दोष वृषणात आहे. १०० च्या खाली असेल, तर एक तर वीर्यपतन झाले नाही किंवा अँप्युला दोन्ही बाजूंनी तुंबल्या आहेत. तुंबलेल्या अँप्युला गुदमार्गातून चोळून, ऑक्सिटोसिन देऊन आणि लागोपाठ नमुने घेऊन मोकळ्या होतात. त्यानंतर येणारा पहिला नमुना दाट, गाठीगाठींचा आणि तुटलेल्या डोक्यांनी भरलेला असतो. तो पाहून घाबरू नये; पुढचे नमुने सुधारत जातात.

प्रश्न : प्रथिनयुक्त खुराक वाढवल्याने शुक्राणूंची प्रथिने सुधारतात का?

नाही. संतुलित खुराक मिळणाऱ्या घोड्याला जादा हरभरा किंवा सोयापेंड दिल्याने क्रिस्प-३ वाढत नाही. जोम यावा म्हणून दिली जाणारी टेस्टोस्टेरॉनची किंवा ॲनाबॉलिक स्टेरॉइडची इंजेक्शने तर शुक्राणूनिर्मितीच दाबून टाकतात, आणि ती हानी भरून यायला वर सांगितलेले दोन महिने तरी लागतातच.

प्रश्न : महाराष्ट्रातील घोडेमालकाने यातून काय घ्यावे?

पुण्याच्या परिसरात थरोब्रेडची पैदास होते आणि भारतीय थरोब्रेडची वंशनोंदही पुण्यातच ठेवली जाते. तेथील पशुवैद्यकांना यातील बरेच परिचित असते. सारंगखेड्याच्या बाजारात मारवाडी किंवा काठियावाडी घोडा निवडताना मात्र भोवरे, कान, चाल आणि रंग पाहिले जातात, वीर्यतपासणी क्वचितच होते. देशी जातींच्या वीर्यावर आणि भ्रूणरोपणावर राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर येथील परिसरात काम चालते. तेथे २०२३ मध्ये भ्रूणरोपणातून मारवाडी शिंगरू जन्मले. पैदाशीसाठी घोडा घेणाऱ्याने एका तासाच्या अंतराने दोन नमुने तपासून घ्यावेत, नमुन्यात शुक्राणू नसतील तर अल्कलाइन फॉस्फेटेज मोजून घ्यावे, आणि घोडा दाखवलेल्या प्रत्येक घोडीची तारीख, माज कितवा आणि सोनोग्राफीचा निकाल एका वहीत लिहून ठेवावा. घोडा विकताना ही वही सोबत दिली, तर पुढच्या मालकाला एका माजामागचे प्रमाण पहिल्याच दिवशी काढता येते.